नवं मशीन आलं, मग नफा का वाढला नाही?

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकाच रस्त्यावर दोन छोटे कारखाने आहेत असं समजा. दोघांकडे एकाच बनावटीचं सीएनसी लेथ (संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन), दोघांचं कर्ज एकाच बँकेचं, स्टील एकाच व्यापाऱ्याकडचं आणि माल जातो तोही एकाच मोठ्या कंपनीला. तरी एकाचा माल तिथल्या तपासणीत सरळ पास होतो आणि दुसऱ्याचा टेम्पो महिन्यातून एखाद-दोनदा भरलेला परत येतो. अशा जोड्या सातपूरला आहेत, सिन्नरला आहेत, गोंद्यालाही आहेत. ज्याचा माल परत येतो त्या मालकाला विचारलं की तो म्हणतो, ‘चांगली माणसंच मिळत नाहीत हो.’ आणि पुढच्या वर्षी तो आणखी एक मशीन घेतो.

नाशिकमधल्या हजारो घरांचा पगार आणि दिवाळीचा बोनस अशा कारखान्यांवर अवलंबून आहे. वाहनांचे सुटे भाग, स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं), ट्रान्सफॉर्मरचे भाग बनवणारे हे छोटे पुरवठादार टिकले तर वरच्या मोठ्या कंपन्याही नाशिकला टिकतील. त्यामुळे दोन सारख्या कारखान्यांत फरक नेमका कशाने पडतो, हे मालकाइतकंच मशीनवर उभ्या असलेल्या माणसालाही कळायला हवं.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये एक हिशोब मांडला. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत माणशी दर तासाचं उत्पादन दुप्पट झालं होतं. त्यातला किती भाग जास्त यंत्रं आणि जास्त भांडवल घातल्यामुळे वाढला, हे त्याने काढून पाहिलं. उत्तर आलं जेमतेम एक अष्टमांश. उरलेले सात अष्टमांश कशामुळे, याला यंत्रांच्या आकड्यांत उत्तर नव्हतं. सोलोला १९८७ मध्ये नोबेल मिळालं. त्या उरलेल्या भागात काय काय दडलंय याचा शोध थिओडोर शुल्ट्झ, गॅरी बेकर, पॉल रोमर अशा अनेकांनी घेतला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या: माणसाच्या हातातलं कौशल्य, कारखान्याकडे साठलेलं ज्ञान आणि जुनी रीत बदलून पाहण्याची तयारी, म्हणजे नावीन्य. बोलताना आपण या तिन्हींची सरमिसळ करतो, पण प्रत्येकीचा पैशांवर होणारा परिणाम वेगळ्या वाटेने होतो.

गरम शाफ्टचं माप

एक जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा एक नग, घेऊ. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट, ड्रॉइंगवर ‘५० एच६’ अशी मर्यादा. याचा अर्थ व्यास ५० च्या वर अजिबात जायचा नाही आणि खाली गेला तर फार तर १६ मायक्रॉन, म्हणजे ४९.९८४ पर्यंत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

लेथवरून नुकता उतरलेला शाफ्ट गरम असतो. पोलादाचं तापमान एक अंशाने वाढलं की दर मीटर लांबीमागे ते साधारण १२ मायक्रॉन फुगतं. शाफ्ट खोलीपेक्षा २० अंश जास्त गरम असेल तर ५० मिलिमीटरच्या व्यासात १२ मायक्रॉनचा फरक पडतो. नवखा ऑपरेटर जॉब काढला की लगेच मायक्रोमीटर लावतो. रीडिंग येतं ४९.९९५. मर्यादेत आहे, म्हणून तो पुढचा जॉब लावतो. तासाभराने तोच शाफ्ट थंड होतो तेव्हा भरतो ४९.९८३. एका मायक्रॉनने बाद. माप जास्त भरलं असतं तर पुन्हा एक कट घेता आला असता. कमी झालेलं मटेरियल परत लावता येत नाही. आणि दरम्यान त्याच सेटिंगवर आणखी जॉब निघालेले असतात, तेही त्याच रांगेत.

अनुभवी सेटर, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणारा कारागीर, इथे काय करतो? पहिला जॉब बाजूला ठेवून थंड होऊ देतो, मग मोजतो, गरम आणि थंड मापातला फरक लक्षात घेऊन ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमध्ये मापाची तेवढी दुरुस्ती भरतो. डिसेंबरात निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा नाशिकमध्येही सकाळच्या पाळीला मशीन गारठलेलं असतं. तो आधी दहा-पंधरा मिनिटं स्पिंडल (जॉब फिरवणारा मशीनचा मुख्य दांडा) रिकामा फिरवतो, कारण मशीन तापत जाईल तसं माप सरकत जाणार हे त्याला माहीत असतं. बाहेरून बघणाऱ्याला ही पंधरा मिनिटं वाया गेल्यासारखी दिसतात. सुपरवायझर नवा असेल तर ओरडतोही.

आता पैशांचं बघू. समजा कारखान्याने १०० जॉब केले, प्रत्येकी विक्री १०० रुपये. मटेरियल, वीज, मजुरी, हप्ता, भाडं मिळून प्रत्येकी खर्च ९० रुपये. सगळे पास झाले तर नफा १,००० रुपये. पाच बाद झाले तर खर्च तोच ९,००० राहतो आणि विक्री ९,५०० होते. नफा ५०० रुपये. भंगाराचे थोडे पैसे येतील ते वेगळे. म्हणजे शंभरात पाच जॉब बाद होणं ऐकायला किरकोळ वाटतं, प्रत्यक्षात अर्धा नफा गेला. जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यांचा नफा मुळातच पातळ असतो, म्हणून हातातल्या कौशल्याचा परिणाम तिथे कितीतरी पटीने मोठा दिसतो. मोठ्या नफ्याच्या धंद्यात अशी चूक झाकून जाते.

कौशल्याचं दुसरं अंग आहे सरावाचं. १९३६ मध्ये टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यांचे आकडे पाहून दाखवलं, की एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारी मजुरी साधारण २० टक्क्यांनी उतरते. पहिल्याला १०० तास लागले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून विमानाच्या कामाची शिस्त नाशिकच्या आसपास आहे. पण राइटचा नियम फक्त विमानांना लागू नाही. बॅटरी, मोटार, कापड, कुठेही तो कमी-जास्त प्रमाणात दिसतो.

या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: काम करणारा माणूस तोच आहे, किंवा निदान त्याचं शिकणं पुढच्याकडे पोचलंय. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायची पद्धत आहे. कायम करावं लागू नये म्हणून हे केलं जातं. त्याचा हात बसलेला असतो, तेव्हाच तो बाहेर जातो आणि त्याच्या जागी नवा मुलगा पहिल्या विमानापासून सुरुवात करतो. या ब्रेकची किंमत कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. रिजेक्शन, रिवर्क आणि मोडलेले इन्सर्ट (धातू कापणारी, बदलता येणारी टोकं) या नावांनी ती वर्षभर फुटत राहते. कामगारावर हा अन्याय आहेच, पण माझ्या मते मालकासाठीही हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

सेटरच्या खिशातली डायरी

कौशल्य हातात असतं. ज्ञान कुठे असतं, हा प्रश्न जरा अवघड आहे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने म्हटलं होतं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. घरातलं उदाहरण घ्या. चकलीच्या भाजणीचं प्रमाण वहीत लिहिलेलं असतं, पण पीठ किती घट्ट हवं आणि तेल कधी तापलं हे आजीच्या बोटांना कळतं. वही वाचून केलेली चकली तेलात विरघळते. कारखान्यातही ज्ञानाचे हे दोन थर असतात. एक लिहून ठेवता येणारा: कोणत्या जॉबला कोणता इन्सर्ट, किती फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग), किती जॉबनंतर बदलायचा, कोणत्या मशीनच्या कोणत्या अक्षात किती खेळ आहे. दुसरा थर सोबत राहूनच शिकता येणारा: कटचा आवाज बदलला की काय समजायचं, चिप, म्हणजे निघणारा धातूचा कीस, निळी पडली की काय करायचं.

नाशिकमधल्या बहुतेक छोट्या कारखान्यांत अडचण अशी आहे की पहिला थरही लिहिलेला नसतो. तो सेटरच्या खिशातल्या डायरीत असतो. सेटर भावाच्या लग्नाला गावी गेला की तीन दिवस तो जॉब लागत नाही. त्याने नोकरी सोडली तर डायरीही त्याच्याबरोबर जाते, आणि त्यात त्याची काही चूक नाही, कारण त्याच्याकडून ती कोणी कधी मागितलीच नव्हती.

हे किती महाग पडतं याचा चांगला पुरावा आपल्या जवळूनच आला आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. त्यातल्या काहींना सल्लागार देऊन अगदी साध्या ३८ पद्धती बसवून दिल्या. कापडात दोष कुठे आला ते रोज लिहायचं, त्यावर रोज बसून बोलायचं, मशीनची देखभाल ठरल्या तारखेला करायची, सुताचा साठा मोजून रंगाप्रमाणे लावायचा, जमीन आणि वाटा मोकळ्या ठेवायच्या. यात नवं मशीन घेणं कुठेच नव्हतं. पहिल्याच वर्षात त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. इतकी सोपी गोष्ट या मालकांनी आधीच का केली नव्हती? ते आळशी नव्हते, पैशांची फार चणचणही नव्हती. काही पद्धती त्यांनी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्यांचा फायदा होईल यावर विश्वास नव्हता. ‘आमच्याकडे दोष इतरांइतकेच आहेत’ असं त्यांना वाटत होतं, कारण मोजलंच नव्हतं. म्हणजे ज्ञानाचा अभाव हाच मोठा अडसर होता, आणि तो अडसर दिसायलाही थोडं ज्ञान लागतं.

संशोधक काही वर्षांनी पुन्हा तिथे गेले. बसवून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या, तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. बंद पडण्याचं एक मुख्य कारण होतं व्यवस्थापक बदलणं. माणूस गेला की त्याच्याबरोबर पद्धतही गेली. कारखान्यात बसलेली रीत आणि एका माणसाने लावून धरलेली रीत यात इतकं अंतर असतं.

दिंडोरी-निफाडच्या बागांनी दिलेली फी

कारखान्यांबाहेरचं नाशिकचं उदाहरण घेतल्याशिवाय ज्ञानाची गोष्ट पुरी होत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे अडकली. आपल्या शेतकऱ्यांना ते लिहोसिन किंवा सीसीसी या नावाने माहीत होतं. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावेत म्हणून ते बागेत वापरलं जायचं. फळ येण्याच्या कितीतरी महिने आधी मारलेलं औषध. बागायतदाराचं कौशल्य कमी नव्हतं. डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (विरळणी), मण्याची फुगवण यांत नाशिकच्या माणसाचा हात कोण धरणार? कमी पडलं ते पलीकडच्या बाजाराच्या नियमांचं ज्ञान: तिथली प्रयोगशाळा काय तपासते, मर्यादा किती आहे, वेलीत मुरलेलं रसायन फळापर्यंत टिकतं का. एका माहितीअभावी वर्षभराची मेहनत बंदरावर अडकली.

पुढे काय झालं तेही लक्षात घेण्यासारखं आहे. त्या रसायनाची तपासणी निर्यातीसाठी अनिवार्य झाली. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणीव्यवस्था २००६ पासून होतीच. तिच्यामुळे पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो, म्हणजे दोष सापडला तर तो कोणत्या बागेतला हे कळतं आणि सगळ्यांचा माल एकाच मापाने मोजला जात नाही. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शेतकऱ्यांची कंपनीही साधारण याच काळातली. एकट्या तीन एकरवाल्याला युरोपचे नियम वाचणं, माती-पान तपासणं, शीतगृह ठेवणं परवडत नाही. हजारो जण एकत्र आले की परवडतं. मशीन एका वेळी एकालाच वापरता येतं, पण माहिती एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. पॉल रोमरने आपल्या सिद्धान्तात नेमका हाच मुद्दा मांडला आणि त्यासाठी त्याला २०१८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या बागायतदारांना तो अनुभवाने कळलेला आहे.

कारखानदारांनी हे अजून पुरेसं उचललेलं नाही असं मला वाटतं. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरसारखी सामाईक सोय आहे, निमा आणि आयमासारख्या कारखानदारांच्या संघटना आहेत. तरी ‘माझी रीत शेजाऱ्याला कळू नये’ ही भीती मोठी आहे. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग लपवावं, भाव लपवावा. पण कूलंटचं प्रमाण कसं राखायचं किंवा गेजची तपासणी किती दिवसांनी करायची, यात लपवण्यासारखं काय आहे?

नावीन्य म्हणजे रोबोच असं नाही

नावीन्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा आणि पेटंट येतं. तेही असतंच. पण कारखान्याच्या नफ्यावर परिणाम करणारी बरीचशी नवी कल्पना दुसरीकडची जुनीच असते, फक्त ती इथे कोणी करून पाहिलेली नसते. नाशिकला द्राक्षं पूर्वीपासून होती. राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियाहून परत आल्यावर इथे सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या, तिथल्या वाइनतज्ज्ञाची मदत घेतली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. माती तीच, गंगापूर धरणाचा परिसर तोच. बाहेरची माहिती इथल्या परिस्थितीला जोडली गेली.

प्रेस शॉपमधलं उदाहरण आणखी जवळचं आहे. स्विचगिअरचे छोटे पत्र्याचे भाग काढणाऱ्या कारखान्यात दिवसातून दोन-तीनदा डाय, म्हणजे पत्रा कापून आकार देणारा साचा, बदलावी लागते. एका बदलाला दोन तास सहज जातात. एकदा शांतपणे उभं राहून बघा हे दोन तास कशात जातात. आधी मशीन थांबतं. मग रॅकवर डाय शोधली जाते. क्रेन दुसऱ्या मशीनवर अडकलेली असते, तिची वाट बघितली जाते. क्लॅम्पचे बोल्ट लांबीला कमी पडतात, म्हणून कोणीतरी स्टोअरमध्ये जातं. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून खाली पट्ट्या घालून उंची जुळवली जाते. मग ट्रायल, पुन्हा ढिलं करणं, पुन्हा ट्रायल. प्रत्यक्ष डाय उतरवणं आणि चढवणं याला त्यातली वीस मिनिटंही लागत नाहीत.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने हेच बघितलं. १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत होते. सहा महिन्यांत ते दीड तासावर आले आणि नंतर तीन मिनिटांवर. त्याची मूळ सूचना अशी होती: कामांची दोन यादींत विभागणी करा. मशीन थांबवल्याशिवाय होणारच नाहीत अशी एक यादी, आणि मशीन चालू असतानाच उरकता येतील अशी दुसरी. डाय शोधून जवळ आणून ठेवणं, बोल्ट काढून ठेवणं, क्रेन मोकळी करून घेणं ही सगळी दुसऱ्या यादीतली कामं. नंतर सगळ्या डायची उंची एकदाच पट्टी कायमची लावून सारखी करून टाकायची. या सगळ्याला लागतो थोडा पत्रा, थोडं वेल्डिंग आणि रोज डाय बदलणाऱ्या दोघा-तिघांबरोबर बसून केलेला विचार.

परिणाम वेळ वाचण्यापुरता राहत नाही. बदलायला वेळ लागतो म्हणून मालक एकदा डाय चढवली की महिन्याभराचा माल काढून ठेवतो. तो माल गोदामात पडतो, त्यात पैसा अडकतो, ड्रॉइंग बदललं की सगळा बाद होतो. बदल वीस मिनिटांत होऊ लागला की लागेल तेवढाच माल काढता येतो. बँकेच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे रोजच्या खर्चासाठी उचलायच्या कर्जाचा, वापर कमी होतो. प्रेस शॉपमधल्या बोल्टचा संबंध असा थेट व्याजाशी येतो.

नवं यंत्र आणूनही रीत जुनीच ठेवली तर काय होतं, याचा इतिहास पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये मांडला. अमेरिकेत १८८२ मध्ये एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी उडी आली ती १९२० च्या दशकात. मधली जवळजवळ चाळीस वर्षं काय चाललं होतं? अनेक कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी विजेची मोटार बसवली आणि छतालगतचे लांबलचक शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटार द्यायची, कामाच्या क्रमाने मशीनं लावायची, इमारतच वेगळी बांधायची, हे सुचायला आणि जमायला एक पिढी गेली. आज नाशिकमध्ये ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) घेऊन तोच जुना रजिस्टरचा फॉरमॅट त्यात भरणारे कारखाने आहेत. त्यांना सॉफ्टवेअर निरुपयोगी वाटतं, तेव्हा मला हे पट्टे आठवतात.

शिकवलं की पोरगं पळतं

इथे मालकांची खरी तक्रार ऐकून घ्यायला हवी. ‘मी सहा महिने शिकवतो, हात बसला की शेजारचा दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो.’ ही तक्रार खोटी नाही. गॅरी बेकरने १९६४ मध्ये या प्रश्नाची मांडणी केली. शिक्षण दोन प्रकारचं असतं. एक कुठेही चालणारं: ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर वापरणं, प्रोग्रामिंग. दुसरं याच कारखान्यापुरतं: इथल्या मशीनच्या खोडी, इथल्या गिऱ्हाइकाच्या अपेक्षा. दुसऱ्यावर खर्च करायला मालक तयार असतो. पहिल्याचा फायदा कामगार कुठेही घेऊन जाऊ शकतो, म्हणून मालक हात आखडता घेतो. प्रत्येकाने असा हात आखडला की सगळ्या वसाहतीत तयार माणसांचा तुटवडा पडतो आणि मग सगळेच एकमेकांची माणसं पळवतात.

म्हणूनच हे शिक्षण एकट्या कारखान्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. त्र्यंबक रस्त्यावरचं आयटीआय, अॅप्रेंटिस कायदा हे त्यासाठीच आहे. १९६१ च्या या कायद्याखाली २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे; त्याहून लहान कारखान्यांना ते ऐच्छिक आहे. पण अॅप्रेंटिस घेणं आणि त्याला शिकवणं या दोन गोष्टी आहेत. त्याला वर्षभर बर (जॉबच्या कडेवर राहिलेले कंगोरे) घासायला किंवा पॅकिंगला बसवलं तर कायदा पाळला जातो, सेटर तयार होत नाही.

पळून जाण्याची भीती थोडी वाढवून सांगितली जाते, असंही मला वाटतं. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बायकांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं असं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांचं उत्पादन वाढलं, कंपनीचा खर्च कितीतरी पटीने वसूल झाला, आणि शिकल्या म्हणून त्या पटापट सोडून गेल्या असंही झालं नाही. मात्र त्यांचे पगारही नाममात्रच वाढले. ही गोष्ट मला खटकते, आणि पुढचा मुद्दा त्याच्याशीच जोडलेला आहे.

पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये जगातले बरेचसे हाताने शिवलेले फुटबॉल बनतात. काही अर्थतज्ज्ञांनी तिथे रेक्झिन कापण्यासाठी अशी डाय तयार केली, जिच्यामुळे वाया जाणारं मटेरियल कमी होतं. ती कारखान्यांना फुकट दिली. फायदा कागदावर स्पष्ट होता, तरी फारच थोड्यांनी ती वापरली. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं की कापणाऱ्या कारागिराला मजुरी नगावर मिळत होती. नव्या डायने सुरुवातीला वेग मंदावतो, म्हणजे त्याची मजुरी बुडते, आणि वाचलेलं रेक्झिन जातं मालकाच्या खिशात. त्यामुळे कारागीर मालकाला सांगत राहिले की ही डाय काही कामाची नाही, आणि मालकही ते मानत राहिले. मग संशोधकांनी काही कारखान्यांत कारागिरांना सांगितलं की नवी डाय वापरून मालकाला दाखवा, साधारण एका महिन्याच्या कमाईइतकी रक्कम एकदाच मिळेल. तिथे डायचा वापर लक्षणीय वाढला. कौशल्य होतं, ज्ञान फुकट मिळालं होतं, नवी वस्तू हातात होती. अडलं होतं ते फायद्याच्या वाटणीपाशी.

आपल्याकडच्या ‘कायझेन’च्या, म्हणजे कामगारांनी सुधारणा सुचवण्याच्या, पेट्या रिकाम्या राहतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. ऑपरेटरने सुचवलेल्या फिक्स्चरमुळे (जॉब धरून ठेवणाऱ्या साधनामुळे) दोन मिनिटं वाचली, तर त्याला प्रमाणपत्र, गुलाबाचं फूल आणि दुसऱ्या दिवसापासून वाढलेलं टार्गेट मिळतं. पुढच्या वेळी तो गप्प बसतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही बसलो असतो.

पैसे कुठून द्यायचे, असा प्रश्न लगेच येतो. वरच्याच हिशोबाकडे परत जाऊ. महिन्याला १०,००० जॉब, विक्री प्रत्येकी १०० रुपये, पाच टक्के बाद. गरम शाफ्ट थंड करून मोजणं, इन्सर्ट बदलण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावणं आणि सेटरची डायरी सगळ्यांसाठी उघडी करणं, एवढ्याने बाद होण्याचं प्रमाण पाचावरून तीनवर आलं असं धरू. दरमहा २०० जॉब जास्त पास होतात, म्हणजे २०,००० रुपये. दोन सेटरना त्यातून तीन-तीन हजारांची वाढ दिली, तरी १४,००० रुपये मालकाकडे राहतात, आणि ते दोन सेटर शेजारच्या दोन हजारांसाठी जात नाहीत.